दोन पावसाळे शेडमध्ये पडलेलं इंजिन: सेल्फ मारायच्या आधी चेंबरचा बोल्ट खोला

आधी प्रश्न काय आहे ते दोन ओळीत, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. या दादांच्या बोलेरो पिकअपचं इंजिन जाम झालंय. मामांनी दोन वर्षांपूर्वी एक जुनं चालू इंजिन घेऊन ठेवलेलं, तेच २५२३ सीसीचं डिझेल, ते नाशिकजवळ आडगावला पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली दोन पावसाळे पडून आहे. इनटेक मॅनिफोल्ड (सिलेंडरमध्ये हवा नेणारा पाइप) काढलेला, भोकांत चिंध्या कोंबलेल्या. डिपस्टिक काढून बघितली तर ऑइल स्वच्छ, लेव्हल बरोबर. आता विचारतायत की पाणी गेलं असेल का, की सरळ बसवून सेल्फ मारून बघू, चाललं तर चाललं. म्हणजे एक बसलेलं काढायचं आणि दुसरं बसवायचं, फक्त दुसरंही बसू नये एवढीच अपेक्षा.

दादा, सेल्फ मारू नका. नाशिकलाच वडाळा नाक्याजवळ माझं गॅरेज आहे, वीसेक वर्षं हेच काम करतोय, आणि "चाललं तर चाललं" म्हणून सेल्फ मारलेली इंजिनं उघडायची पाळी बऱ्याचदा आलीय. त्यातलं पहिलं माझं स्वतःचं होतं, ते पुढे सांगतो.

डिपस्टिकवर ऑइल स्वच्छ दिसतंय म्हणून तुम्ही निवांत आहात, तिथेच घोळ आहे. पाणी गेलं की ऑइल ताकासारखं पांढरं होतं हे सगळ्यांना माहिती असतं, पण ते कधी, इंजिन फिरलं आणि दोन्ही घुसळलं गेलं की. तुमचं इंजिन दोन वर्षं हललेलंच नाही. पाणी ऑइलपेक्षा जड, ते खाली चेंबरच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या) तळाला जाऊन बसतं आणि वर ऑइल तरंगतं, भाजीवर तर्री असते तसं. डिपस्टिकचं टोक चेंबरच्या तळापर्यंत पोचत नाही, त्यामुळे तिला फक्त तर्री लागते. आणि लेव्हल बरोबर आहे याला पण अर्थ नाही, कारण इंजिन ठेवताना आत किती ऑइल होतं ते तुम्हाला कुठे माहितीये, अर्धा लिटर कमी असेल आणि अर्धा लिटर पाणी आलं असेल तर लेव्हल अगदी बरोबर दिसणार.

आता अशात सेल्फ मारला की ऑइल पंपाची जाळी चेंबरच्या तळाशीच असते, म्हणजे पंप पहिला घोट पाण्याचा घेणार आणि तोच क्रँकच्या (खालच्या फिरत्या मुख्य दांड्याच्या) मेन बेरिंगला आणि कनेक्टिंग बेरिंगला पाठवणार. दोन वर्षं कोरडी पडलेली बेरिंग, आणि त्यांना पहिलं काय मिळतं तर पाणी. इंजिन चालू होईल सुद्धा, मस्त आवाज देईल, आणि पाचशे-हजार किलोमीटरवर खालून ठोकायला लागेल, मग तुम्ही म्हणणार इंजिन देणाऱ्याने फसवलं.

म्हणून पहिलं काम, आणि हे इंजिन आहे तिथेच करायचं. टेम्पोत टाकून गॅरेजला आणून मग बघू असं नको, आडगावहून येईपर्यंत खड्ड्यांत ते एवढं हिंदकळतं की पाणी-ऑइल एक होतं आणि मग नक्की काय होतं ते कळत नाही. इंजिन जसं पडलंय तसंच, हलवू नका, तिरकं असेल तर तिरकंच राहू द्या. बिसलेरीची कापलेली बाटली घ्या, पारदर्शक पाहिजे, चेंबरच्या ड्रेन बोल्टखाली धरा आणि बोल्ट पूर्ण न काढता हळूहळू सैल करा. बोल्टच्या आट्यांतून थेंब यायला लागले की थांबा आणि बघा. पाणी असेल तर तेच आधी येणार, पातळ, धार तुटत तुटत, गंजाने काळ्या चहाच्या रंगाचं. मग मध्येच धार बदलते, जाड होते, सावकाश मधासारखी येते, ते ऑइल. ती बदलायची जागा एकदा डोळ्याने बघितली की परत कुणाला विचारावं लागत नाही. ड्रेन बोल्ट चेंबरच्या अगदी खालच्या टोकाला नसेल किंवा इंजिन उलट्या बाजूला कललेलं असेल तर बोल्टमधून थेट ऑइलच येईल आणि पाणी खाली कोपऱ्यात राहील, तेव्हा बोल्टच्या भोकातून बारीक नळी आत घालून तळातलं ओढून बघा.

किती निघालं आणि कसलं निघालं, दोन्ही महत्त्वाचं. चमचा-दोन चमचे निघालं तर घाबरू नका, तो घाम आहे. आपल्याकडे हिवाळ्यात रात्री जी थंडी पडते, निफाडला तर पारा पाच-सहा अंशांवर उतरतो, आणि दुपारी पत्र्याखाली पुन्हा तापतं, त्यात एवढ्या मोठ्या लोखंडाच्या ठोकळ्याला आतून घाम फुटतो. ऑइलच्या झाकणाखाली पिवळट साय दिसते ती पण बऱ्याचदा यामुळेच, नुसती साय बघून इंजिन नाकारू नका. पण अर्धा कप, कपभर निघालं तर ते बाहेरून आलंय. तळाला माती बसली तर पुराचं किंवा वाहून आलेलं. हिरवट नाहीतर गुलाबी निघालं तर ते कूलंट, म्हणजे गोष्टच वेगळी, हेड (सिलेंडरवरचा इंजिनाचा वरचा भाग) आणि ब्लॉकमधलं पॅकिंग गेलंय किंवा हेडला क्रॅक आहे. ट्रॅक्टरच्या बऱ्याच इंजिनांत ओले लायनर (बाहेरून थेट कूलंट लागणारी सिलेंडरची नळकांडी) असतात, तिथे लायनरच्या खालच्या रबर रिंगा गेल्या की पण कूलंट चेंबरमध्ये उतरतं. द्राक्षवाल्यांचे ट्रॅक्टर येतात तेव्हा हे मी नेहमी बघतो, कूलंटच्या जागी विहिरीचं पाणी भरलेलं असतं आणि मग रंगावरून काहीच कळत नाही. तेव्हा रेडिएटरचं पाणी उतरलंय का तेवढंच विचारायचं.

शंका राहिली तर तवा. जुना तवा गॅसवर चांगला तापवा, वर त्या ऑइलचे तीन-चार थेंब टाका. पाणी असेल तर तडतडतं, फोडणीत मोहरी टाकल्यासारखं. नसेल तर नुसता धूर येतो. चार थेंबच, वाटीभर ओतू नका, तोंड लांब ठेवा आणि घरचा भाकरीचा तवा तर अजिबात घेऊ नका, हे अनुभवाचे बोल आहेत.

चेंबरमध्ये पाणी निघालं नाही म्हणजे सुटलो असं पण नाही. तुमचा मॅनिफोल्ड काढलेला आहे, चिंध्या कोंबल्या आहेत, आणि चिंधी पाणी अडवत नाही, पिऊन घेते आणि आत ठिबकवत राहते. मी तर म्हणतो चिंधी कोंबण्यापेक्षा भोक उघडं बरं, निदान वाळतं तरी. ते पाणी इनटेकच्या पोर्टमधून व्हॉल्व्हवर आणि तिथून पिस्टनच्या डोक्यावर जाणार. इथे एक गंमत आहे. चार सिलेंडरचं इंजिन बंद होतं तेव्हा बहुतेक वेळा चारही पिस्टन अधेमध्ये थांबतात, आणि त्या अवस्थेत एका सिलेंडरचा इनटेक व्हॉल्व्ह उघडा असतो, एकाचा एक्झॉस्ट उघडा असतो, उरलेले दोन साधारण बंद असतात. म्हणून पाणी खाल्लेलं इंजिन उघडलं की दोन बोअर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती भोकं) आरशासारखे आणि एक-दोन गंजून लाल असं दिसतं. एकाच सिलेंडरमध्ये डोकावून "आतून एकदम नवीन आहे" म्हणणारे इथेच फसतात. चारही बघायचे, एक पण सोडायचा नाही.

बघायला आता एंडोस्कोप कॅमेरा मिळतो, मोबाईलला जोडायचा, हजार-दीड हजारात, मेन रोडला नाहीतर ऑनलाईन. साडेपाच एमएमचा घ्या, आठचा जाड पडतो, आणि तोही तुमच्या भोकात जातो का ते आधी मापून बघा. इंजेक्टर (सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारे) काढा, नाहीतर ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करताना आत तापवणारे) असतील तर ते काढा. गंजलेला ग्लो प्लग जोर लावून काढू नका, अर्धा आत तुटला की हेड उतरवायला लागेल, आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा, सकाळी मागे-पुढे करत सोडवा. इंजेक्टर काढले तर बसवताना तांब्याचे वॉशर नवीन. आणि जे काढाल ते नंबर टाकून ठेवा, इंजेक्टरची नोझलं बनवणाऱ्या मायकोच्या (आताच्या बॉशच्या) गावात राहून नोझल इकडचं तिकडे करू नका.

आत काय शोधायचं? पिस्टनच्या डोक्यावर पाणी साचलेलं दिसलं तर ते बारीक नळीने सिरिंज लावून ओढून घ्या. मग बोअरच्या भिंतीवर पिस्टनच्या रिंगा जिथे टेकून थांबल्यात तिथे बघा. पाणी रिंगांपाशी येऊन थांबतं आणि रिंगांच्या फटीतून थेंब थेंब खाली चेंबरमध्ये उतरतं, त्यामुळे नेमका तिथे गंजाचा गोल कडा पडतो, बांगडीसारखा. पिस्टनचं डोकं कोरडं आहे पण हा कडा आहे, याचा अर्थ पाणी येऊन गेलंय. नारिंगी धूळ असेल, डिझेलच्या फडक्याने पुसून जाणारी, तर काही नाही. पण खड्डे पडले असतील, कॅमेऱ्यात काळे ठिपके दिसतात, तर ती जागा रिंगा खाणार आणि ऑइल पिणार. असं दिसलं तर हेड उतरवा आणि नखाने बघा, नख अडकलं की लेथवाल्याकडे, होनिंगने (नुसतं घासून) निघतं का बोअरिंग (भोक मोठं कापून) करायला लागतं ते तोच मापून सांगेल. तिथे डोळ्याचा अंदाज चालत नाही, माझाही नाही.

आता माझी गोष्ट. गॅरेज नवीन होतं, हातात काम कमी आणि हुशारी जास्त. एक डिझेल इंजिन असंच उघड्यावर पडलेलं आलं, गिऱ्हाईक डोक्यावर बसलेलं, म्हटलं बॅटरी लावून एक टिचकी मारून बघू, फिरतंय का. अर्धा फेरा झाला आणि "टक" असा आवाज आला, मोठा पण नाही, शेजारच्याला ऐकू पण गेला नसेल. सेल्फ थांबला. उघडलं तर तीन नंबरचा कनेक्टिंग रॉड (पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा) वाकलेला, विळ्यासारखा. पाणी दाबलं जात नाही ना, हवा दाबली जाते. हिशोब करून बघा, तुमच्या २५२३ सीसीत एका सिलेंडरला ६३० सीसी येतात, कॉम्प्रेशन रेशो १८ च्या आसपास धरला तर पिस्टन वर गेल्यावर जागा उरते ३७ सीसी. म्हणजे अर्धा कटिंग चहा. त्याच्यापेक्षा जास्त पाणी वर असलं की एकतर पिस्टन थांबणार, नाहीतर रॉड वाकणार. आणि सेल्फमध्ये एवढी ताकद असते की तो थांबायच्या आधी रॉड वाकवू शकतो. त्या इंजिनाचा खर्च मी भरला, वर गिऱ्हाईक गेलं ते गेलंच.

म्हणून इंजेक्टर किंवा ग्लो प्लग बाहेर काढल्याशिवाय इंजिन हाताने पण फिरवायचं नाही. आणि त्याच्याही आधी टॅपिट कव्हर (व्हॉल्व्हवरचं झाकण) उघडा. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा बघा, गंजलेली स्प्रिंग पुढे कधीतरी तुटते आणि व्हॉल्व्ह आत पडला की खेळ संपला. प्रत्येक व्हॉल्व्हच्या टोकावर लाकडी दांड्याने हलकं दाबून-ठोकून बघा, स्प्रिंगसारखा वर येतोय का. गाइडमध्ये गंजून अडकलेला व्हॉल्व्ह वरच राहिला आणि तुम्ही क्रँक फिरवला तर त्याला दाबणारा पुशरॉड वाकतो, खाली राहिला तर पिस्टन त्याला जाऊन भिडतो.

हे झालं की चारही सिलेंडरमध्ये डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) अर्धं अर्धं मिसळून दोन-दोन चमचे टाका, दोन दिवस तसंच राहू द्या. मग पुढच्या पुलीच्या बोल्टला लांब पाना लावून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने हळू फिरवा, दोन पूर्ण फेरे, कारण फोर स्ट्रोकचा चक्कर दोन फेऱ्यांत पूर्ण होतो. हाताला काय लागतं ते बघा. सगळीकडे सारखं जड असेल तर ठीक. खरखर लागली तर गंज. एकाच जागी येऊन दगडावर आपटल्यासारखं थांबलं तर जोर लावायचा नाही, पाना काढायचा आणि का थांबलं ते शोधायचं. पाइप लावून जोर करणारे खूप भेटतात, गंजलेल्या रिंगांचे तुकडे नंतर माझ्याकडे येतात. फिरवताना भोकांवर कापड टाका आणि तोंड खाली नेऊन बघू नका, आतलं डिझेल पिचकारीसारखं उडतं.

रॉड आधीच वाकलेला आहे का, म्हणजे दुसऱ्या कुणी तुमच्या आधी टिचकी मारून बघितलीय का, ते पण याच वेळी कळतं. एक सरळ जाड तार घ्या, प्रत्येक भोकातून त्याच कोनात पिस्टनवर टेकवा, पिस्टन सगळ्यात वर आल्यावर तारेवर खूण करा. चारही खुणा एका जागी आल्या पाहिजेत. एखादी खूण दिसण्याइतकी खाली आली तर तो रॉड लांबीने कमी झालाय.

मग चेंबर उतरवा. लोक इथे कंजुषी करतात. अहो इंजिन जमिनीवर आहे, पॅकिंग काही शे रुपयांचं, काम दोन तासांचं, तेच इंजिन गाडीत बसल्यावर चेंबर काढायचा म्हटलं की आडवं झोपून अंगावर ऑइल घ्यायला लागतं. चेंबरच्या तळाला गाळ बोटाने चोळून बघा, रवाळ लागला तर माती. एक मेन आणि एक कनेक्टिंग बेरिंगची कॅप उघडा, शक्यतो ज्या सिलेंडरमध्ये गंज दिसला त्याचीच. बेरिंग राखाडी एकसारखं पाहिजे, काळे डाग, खड्डे किंवा क्रँकच्या जर्नलवर बेरिंगच्या कडेची गंजाची रेघ दिसली तर सगळ्या कॅप उघडायच्या. रेघ नखाला लागली तर क्रँक ग्राइंडिंग आणि अंडरसाइज बेरिंग. कॅप ज्या जागेची त्याच जागी आणि त्याच बाजूने बसली पाहिजे, सेंटर पंचने खूण करा, आणि टॉर्क पान्यानेच आवळा.

पुराचं इंजिन ओळखायची एक खूण सांगतो, तुमचं आडगावचं आहे म्हणून कदाचित लागू नसेल, पण पुढेमागे कुणी इंजिन घेणार असेल तर. २०१६ च्या ऑगस्टमध्ये गंगापूर धरणातून पाणी सोडलं आणि गोदावरीला पूर आला, पुराची खूण मानला जाणारा दुतोंड्या मारुती बुडाला, सराफ बाजार, भांडी बाजार पाण्यात. त्याच्या काही महिन्यांनी एकाने माझ्याकडे एक इंजिन आणलं, धुतलेलं, चंदेरी रंग मारलेलं, विकणाऱ्याने शपथेवर सांगितलेलं की माझ्याकडे पाणी आलंच नाही. जुन्या इंजिनाला ताजा रंग दिसला की मला आधीच खटकतं. वरून सगळं चकाचक. मी फक्त क्लचची बाजू उघडली, बेलहाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या कव्हरच्या) आतल्या कोपऱ्यात पीठासारखा बारीक गाळ, वाळून कडक झालेला, आणि सेल्फच्या नाकात पण तोच. पाण्याच्या पाइपाने वरची माती जाते, तिथली जात नाही. अल्युमिनियमच्या भागांवर पांढरी पूड, वायरिंगच्या सॉकेटमधल्या पितळी पिनांवर हिरवट बुरशी, अल्टरनेटरच्या जाळीत चिखल, ही पण त्याचीच लक्षणं. पुराचं पाणी पावसाच्या पाण्यासारखं नसतं, त्यात माती आणि गटार दोन्ही असतं, ते इंजिन मी पूर्ण उघडल्याशिवाय बसवत नाही.

टर्बो असेल तर त्याचा शाफ्ट बोटाने फिरवून बघा, डिझेल पंप आणि नोझल पंपवाल्याकडे तपासायला द्या, पुढचं-मागचं ऑइल सील नवीन टाका, क्लच प्लेट गंजून चिकटलेली असते ती बघा. यावर जास्त लिहीत नाही.

सगळं ठीक निघालं तर हेड न उतरवता एक हवेची टेस्ट करा. एकेक पिस्टन कॉम्प्रेशनला (दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना) वर आणून भोकातून कॉम्प्रेसरची चार-साडेचार किलो हवा द्या आणि कान लावा. इनटेकमधून फुसफुस म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरच्या बाजूने म्हणजे एक्झॉस्ट, ऑइल टाकायच्या तोंडातून म्हणजे रिंगा. थोडी रिंगांतून येणारच, चारही सारखी आहे का ते बघायचं. पिस्टन अगदी वर नसेल तर हवेने क्रँक झटक्यात फिरतो, तेव्हा पुलीवर पाना ठेवून हात तिथे ठेवू नका.

बसवल्यावर पहिल्यांदा चालू करताना नवीन फिल्टर, स्वस्तातलं ताजं ऑइल. डिझेलचं कनेक्शन तोडून, इंजेक्टर किंवा ग्लो प्लग बाहेर ठेवून दहा-दहा सेकंद सेल्फ मारा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल) असेल तर हे स्वतः करू नका, रेलचं प्रेशर जिवावर बेततं, माहितगार माणूस बोलवा. मग सगळं जोडून पंधरा मिनिटं रेस न देता चालू ठेवा, गरम असतानाच ते ऑइल काढा, ताकासारखं निघालं तर परत एकदा तसंच, स्वच्छ निघालं की चांगलं ऑइल टाका. पाचशे किलोमीटरला परत बदला, ओझं त्यानंतर.

आणि हे कुणी विचारत नाही म्हणून सांगतो, इंजिन नंबर बदलतोय तर आरटीओकडे आधी परवानगी आणि नंतर आरसीवर नोंद लागते. मामांकडे इंजिनाचं बिल आहे का ते आत्ताच विचारा, आणि इंजिन वर घ्यायच्या आधी नंबरवरचा गंज काढून पेन्सिलने कागदावर ठसा घेऊन ठेवा, बसल्यावर तिथे हात पोचत नाही. बिलच नसेल तर एवढं सगळं करण्याआधी मामांशीच बोला.

उद्या फक्त बाटली आणि पाना घेऊन आडगावला जा. धार कशी आली ते कळवा, मग पुढचं बघू.